पितळी वाद्यांच्या गजरात शब्द का हरवतात?



एका शनिवारी आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अकरावीच्या मुलांना मी एक चित्रफीत दाखवली. माझा पुतण्या अमेरिकेत इंडियाना राज्यात असतो. तिथल्या इंडियानापोलिस शहरात ऑगस्ट महिन्यात ‘ड्रम कोअर’ पथकांची अंतिम स्पर्धा भरते. ती पाहायला तो गेला होता आणि आपल्या जागेवर बसूनच मोबाइलवर थोडे चित्रण करून त्याने मला पाठवले होते. ध्वनीचा पाठ नुकताच शिकवून झाला होता. म्हटले, मुलांना जरा गंमत दाखवू.

पडद्यावर दीडशेच्या आसपास मुले-मुली मैदानभर धावत, वळत, रांगा मोडत आणि पुन्हा जुळवत वाद्ये वाजवीत होती. मध्येच एक मुलगी माइकवर काही बोलू लागली. ती बोलते आहे हे अगदी स्पष्ट कळत होते. आवाजही चांगला मोठा होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ती काय म्हणतेय?” मी तो भाग पुन्हा लावला. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी मुले हसू लागली. इंग्रजी कच्चे म्हणून समजले नाही, असेही नव्हते. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलींनासुद्धा ‘आ’, ‘ओ’, ‘ए’ यांच्या पलीकडे काही लागले नाही. “मोबाइलचे ध्वनिमुद्रण, दुसरे काय होणार!” असे म्हणून मी वेळ मारून नेली. ते उत्तर अर्धवट होते आणि हे मला तेव्हाच ठाऊक होते. त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर आज येथे देत आहे.

आधी हा खेळ काय असतो ते पाहू. ‘कोअर’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी ‘प’ आणि ‘स’ आहेत, पण त्यांचा उच्चार करायचा नाही. पथकाला कोणी ‘ड्रम कॉर्प्स’ म्हटले की जाणकार हसतात. या पथकांत बासरी, क्लॅरिनेट अशी लाकडी घराण्यातली वाद्ये नसतात. पितळी वाद्ये, ताल-वाद्ये आणि झेंडे-काठ्या फिरवणारी मुले एवढाच सरंजाम. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी अशी पुष्कळ पथके काढली. पुढे १९७१ मध्ये ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था स्थापन झाली आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर या गावी तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. वादक एकवीस-बावीस वर्षांच्या पुढचे नसतात. एकेका पथकाचा खेळ अकरा-बारा मिनिटांचा असतो आणि त्यासाठी ही मुले सारा उन्हाळा गावोगाव बसने फिरत, रात्री शाळांच्या व्यायामशाळांत झोपत तालीम करतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष आहे २००४. तोपर्यंत या खेळात ध्वनिवर्धकाला बंदी होती. जो आवाज व्हायचा तो हातांनी आणि फुप्फुसांनी. २००४ पासून मानवी आवाजासाठी आणि मैदानाच्या कडेला ठेवलेल्या मारिंबा, व्हायब्राफोन अशा नाजूक वाद्यांसाठी माइक वापरायला परवानगी मिळाली. विजेवर चालणारी वाद्ये त्यानंतर २००९ मध्ये आली. माइक आला आणि काही पथकांना वाटले, आता आपण गोष्टसुद्धा सांगू शकतो. संगीताच्या मध्ये निवेदन सुरू झाले.

माइक मिळाल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. तो का सुटला नाही?

आकड्यांत सांगायचे तर

थोडे गणित करू. ध्वनीची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात हे तुम्हांला माहीत आहे. १० डेसिबेल वाढले म्हणजे तीव्रता दहापट झाली. २० वाढले म्हणजे शंभरपट. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत पातळी ६ डेसिबेलने उतरते.

समजा, जोरात वाजणाऱ्या एका ट्रंपेटची पातळी १ मीटरवर १०० डेसिबेल आहे. अशी ८० पितळी वाद्ये एकदम वाजली तर तीव्रता ८० पट, म्हणजे आणखी १९ डेसिबेल. श्रोता ३२ मीटरवर बसला आहे. १ पासून ३२ पर्यंत जाताना अंतर पाच वेळा दुप्पट होते, म्हणून ३० डेसिबेल वजा. बाकी राहिले ८९ डेसिबेल.

आता एखादी मुलगी घसा ताणून ओरडली तर १ मीटरवर समजा ८५ डेसिबेल. ३२ मीटरवर त्याचे होतात ५५. वाद्ये ८९, शब्द ५५. फरक ३४ डेसिबेल, म्हणजे सुमारे २,५०० पट! माइक नसेल तर या वाद्यवृंदाची नुसती बरोबरी करायला अडीच हजार माणसांनी एकाच वेळी ओरडायला हवे, आणि अडीच हजार माणसे एका तालात ओरडली तरी त्यातून गलकाच ऐकू येईल. आपल्या विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाचा प्रमुख तोंडाने सूचना देत नाही, हात वर करून खुणा करतो. त्याने हे गणित केलेले नसते, पण त्याचे उत्तर त्याला पाठ असते.

माइकमुळे हे २,५०० पटींचे अंतर भरून काढता येते. माइक ओठांपासून अडीच सेंटिमीटरवर धरला तर १ मीटरच्या तुलनेने तो चाळीसपट जवळ आला. नुसत्या या जवळिकीनेच ३२ डेसिबेलचा फायदा फुकट मिळतो. निवेदिकेला ओरडण्याची गरजच उरत नाही. पुढचे काम विजेचे. तरीही आमच्या चित्रफितीत आवाज आला आणि शब्द आले नाहीत. म्हणजे दोष केवळ पातळीचा नव्हता.

शब्द कुठे राहतो?

काळ, गाळ, चाळ, जाळ, टाळ, नाळ, बाळ, माळ. हे आठ शब्द मोठ्याने म्हणा. प्रत्येकात ‘आळ’ तोच आहे. अर्थ बदलतो तो सुरुवातीच्या व्यंजनाने. आणि हे व्यंजन किती वेळ टिकते? ‘क’ किंवा ‘ट’ म्हणताना जीभ हवा अडवते आणि सोडते. सेकंदाचा लहानसा अंश, की संपले. मागून येणारा ‘आ’ मात्र हवा तेवढा लांबवता येतो. गवयी लांबवतो तो ‘आ’. ‘क’ कोणाला लांबवता येत नाही.

ताकदीतही असाच फरक आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर यांनी १९२० च्या दशकात बोलण्यातील एकेका ध्वनीची शक्ती मोजली. इंग्रजीतील सर्वांत बलवान ‘ऑ’ हा स्वर आणि सर्वांत दुबळे ‘थ’सारखे व्यंजन यांच्या शक्तींत त्यांना सुमारे ६८० पट फरक आढळला. बोलण्यातला जोर जवळजवळ सगळा स्वरांत असतो, आणि तो बराचसा १,००० हर्ट्झच्या खाली. अर्थ मात्र व्यंजनांत, आणि ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारी कंपने बरीचशी २,००० हर्ट्झच्या वर. बोलण्यातला वरचा भाग काढून टाकला तर भारदस्त आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाहीत. खालचा भाग काढला तर आवाज पिपाणीसारखा चिरका होतो, पण शब्द समजतात. टेलिफोनवर ३०० हर्ट्झच्या खालचे काहीही पाठवीत नसत, तरी आपल्या आजोबांची कामे फोनवर होतच होती.

आता पितळी वाद्यांकडे वळू. ट्रंपेट हळू वाजवला तर त्याचा स्वर मऊ असतो. मूळ स्वराबरोबर थोडेच वरचे स्वरांश त्यात असतात. जोराने फुंकला की तो नुसता मोठा होत नाही, तो झळकू लागतो. नळीतील हवेचा दाब इतका वाढतो की दाबाच्या लाटेचा पुढचा उतार पुढे सरकता सरकता अधिकाधिक उभा होत जातो. अशा धारदार लाटेत उंच वारंवारतेची कंपने भरपूर असतात. म्हणजे वादक जोर लावतो तेव्हा त्याची जादा शक्ती नेमकी २,००० ते ४,००० हर्ट्झच्या टापूत जाऊन बसते, जिथे आपल्या बिचाऱ्या व्यंजनांचे बिऱ्हाड आहे! त्यातच स्नेअर ड्रम. त्याच्या खालच्या पडद्याला तारा लावलेल्या असतात आणि टिपरी पडली की त्या थरथरतात. तो ‘तर्र्र’ असा आवाज भौतिकीच्या दृष्टीने ‘स’ आणि ‘श’ यांचा भाऊबंदच आहे: ठरावीक सूर नाही, सर्व उंच वारंवारतांची एकदम खळबळ. स्नेअर ड्रमचा रोल चालू असताना ‘स’ ओळखणे म्हणजे पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या खडूने लिहिलेले वाचणे.

एक मोठा ध्वनी दुसऱ्या लहान ध्वनीला झाकून टाकतो, याला आच्छादन म्हणतात. १९२४ मध्ये वेगेल आणि लेन या संशोधकांनी दाखवले की जोरदार खालचा स्वर आपल्यापेक्षा वरच्या स्वरांना सहज झाकतो. उलट मात्र तितकेसे घडत नाही. तेव्हा ट्यूबासारखी जाड आवाजाची वाद्येही निर्दोष नाहीत. ती खालून वर चादर ओढतात.

हे तुम्ही घरी करून पाहू शकता. मित्राला स्टीलच्या डब्यात मूठभर तांदूळ घालून तो सतत हलवायला सांगा. दुसरा मित्र डब्याशेजारी उभा राहून मघाचे आठ शब्द उलटसुलट क्रमाने, साध्या आवाजात वाचील. तुम्ही दहा पावलांवर पाठ करून उभे राहा आणि ऐकू येईल ते लिहा. मग वाचणाऱ्याला ओरडून वाचायला सांगा. ओरडल्याने म्हणावी तितकी सुधारणा होत नाही, असे तुम्हांला आढळेल. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये ही सवय नोंदवली. पण ओरडताना फुगतात ते मुख्यतः स्वर. व्यंजने त्या प्रमाणात वाढत नाहीत. माइकसमोर आरडाओरडा करणाऱ्या निवेदकाचे शब्द हरवतात आणि शांतपणे, जीभ-ओठ नीट हलवून बोलणाऱ्याचे पोचतात, त्याचे कारण हेच.

आता त्याच डब्याशेजारी तुम्हांला आधी माहीत नसलेले कोणतेही शब्द वाचायला सांगा, आणि मग त्यांच्याऐवजी एक ते नऊ हे अंक. पुष्कळ जास्त बरोबर येतील. अंक काही अधिक खणखणीत नसतात. फक्त येणार ते नवांतलेच एक हे तुमच्या मेंदूला आधी माहीत असते, त्यामुळे अर्धवट ऐकूनही तो निवड करतो. १९५१ मध्ये मिलर, हाइज आणि लिक्टन यांनी हे पद्धतशीर मोजून दाखवले: शक्य शब्दांची यादी जितकी लहान, तितक्या अधिक गोंगाटात ते ओळखता येतात. भौतिकीच्या शिक्षकाला आवडेल असे एक उदाहरण येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. २०१३ चे अजिंक्यपद ‘कॅरोलिना क्राउन’ या पथकाने मिळवले. त्यांच्या खेळाचे नाव होते ‘ई = एमसी²’! त्यासाठी त्यांनी फिलिप ग्लास यांच्या ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ या १९७६ मधील संगीतिकेचा आधार घेतला होता, आणि त्या संगीतिकेत गायकवृंद अनेक ठिकाणी चक्क अंक गातो. मैदानावर मानवी आवाज पोचवायचा तर यापेक्षा सोयीची शब्दसंपत्ती शोधून सापडणार नाही.

मैदान म्हणजे घड्याळ

आतापर्यंत आपण मैदानाच्या आकाराचा विचार केला नाही. हा खेळ अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर होतो. गोलरेषांमधील लांबी ९१.४ मीटर, रुंदी ४८.८ मीटर. प्रेक्षकांची मुख्य बाजू एका लांब कडेला. २५ अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर. म्हणजे मागच्या रेषेवरील वादकाचा सूर पुढच्या रेषेपर्यंत यायला ४८.८ भागिले ३४६, म्हणजे ०.१४ सेकंद लागतात.

एवढ्याशा वेळाने काय होते? मिनिटाला १६० ठोक्यांची लय असेल तर दोन ठोक्यांत ०.३७५ सेकंदाचे अंतर असते. ०.१४ सेकंद म्हणजे त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. मागचा आणि पुढचा वादक दोघेही बरोबर एका क्षणी वाजवतील, तर प्रेक्षकाला ते बेताल ऐकू येतील. म्हणून या पथकांत शिकवतात: मागून येणारा आवाज कानाने धर आणि त्याच्याशी जुळवून घे. कडेला बसलेले मारिंबावाले हातवारे करणाऱ्या ड्रम मेजरकडे पाहत नाहीत, मागच्या ड्रमांकडे कान लावतात. मागची लाट पुढे येईपर्यंत थांबायचे आणि तिच्यावर स्वार व्हायचे. मला या खेळातली ही गोष्ट सर्वांत आवडते. ध्वनीचा वेग ही मुले सूत्राने नाही, अंगाने शिकतात.

निवेदिकेचे काय होते पाहा. समजा ती मागच्या रेषेजवळ उभी आहे. तिचा माइक बिनतारी आहे. तिचा आवाज रेडिओलहरींवर बसून पुढच्या कडेच्या लाउडस्पीकरपर्यंत जातो, आणि रेडिओलहरींना ४८.८ मीटर म्हणजे काहीच नाही. पण तिच्या भोवतालच्या वाद्यांचा आवाज पायी येतो! ती शेजारच्या ड्रमच्या ठोक्यावर अचूक बोलली, तर प्रेक्षकाला तिचा शब्द ठोक्याच्या ०.१४ सेकंद आधी ऐकू येणार. म्हणजे तिने जितके बरोबर करावे तितके चूक दिसावे. सोपा उपाय म्हणजे तिला पुढच्या कडेला आणणे. दुसरा, लाउडस्पीकरला जाणारा संदेश यंत्राने तेवढाच उशिरा सोडणे. पण ती चालत असेल तर हा उशीर पावलापावलाला बदलावा लागेल. तिसरा उपाय मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो: बोलणे तालाला बांधायचेच नाही.

तिला आणखी एक त्रास असतो. लाउडस्पीकरमधून निघालेला तिचाच आवाज प्रेक्षागारावर आपटून तिच्याकडे उशिरा परत येतो. १९५० च्या सुमारास अमेरिकेत बर्नार्ड ली यांनी दाखवले की स्वतःचे बोलणे साधारण ०.२ सेकंद उशिरा कानावर पडले तर चांगला बोलणाराही अडखळतो, अक्षरे ओढतो, तोतरा होतो. फोनवर कधी आपलाच आवाज परत आला तर तुम्हीही चाचपडला असाल. मैदानावर उभ्या असलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलीला हजारो लोकांसमोर हे सोसून वाक्य पुरे करायचे असते. चित्रफितीतल्या मुलीने ते न अडखळता पुरे केले, एवढे मात्र आम्हांला ऐकू येत होते.

आता प्रेक्षकाकडे येऊ. पुढच्या कडेला समजा दोन लाउडस्पीकर ४० मीटर अंतरावर ठेवले आहेत. बरोबर मधल्या प्रेक्षकाला दोन्हींचे अंतर सारखे. शब्द एकदम पोचतात. पण जो एका लाउडस्पीकरच्या थेट समोर २० मीटरवर बसला आहे त्याच्यापासून दुसरा किती दूर? पायथागोरसला विचारा: ४४.७ मीटर. फरक २४.७ मीटर, म्हणजे ०.०७१ सेकंद. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये आपल्या प्रबंधात दाखवले की तोच ध्वनी सुमारे ०.०३ सेकंदाच्या आत पुन्हा आला, तर कान दोन्हींना एकच समजतो आणि तो पहिल्याच्या दिशेने आला असे मानतो. त्याहून बराच उशीर झाला की दुसरा आवाज पहिल्याच्या अंगावर पडू लागतो. एका शब्दाचा लांबलेला ‘आ’ पुढच्या शब्दाच्या ‘क’वर येऊन बसतो. दुबळ्यावर बलवान. हरणार कोण, हे तुम्हीच सांगा.

त्यात ज्या ल्यूकस ऑइल स्टेडियममध्ये २००९ पासून ही अंतिम स्पर्धा होत आली आहे, त्याला छत आहे. छत मिटलेले असेल तर निनाद वाढतो. हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात असाच निनाद सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि प्राध्यापकांचे बोलणे कोणालाच कळत नसे. १८९५ मध्ये वॉलेस सॅबाइन या तरुण भौतिकीच्या शिक्षकाकडे ते काम आले, आणि खुर्च्यांवरच्या गाद्या आत-बाहेर नेऊन त्याने निनादाचा नियम शोधला. तो पुरा सांगायला दुसरा लेख लागेल.

मग करायचे काय?

शब्दांचे बटण आणखी पिळायचे? वाद्ये ८९ डेसिबेलवर असताना शब्द आरामात समजायचे तर ते त्यांच्यापेक्षा निदान १० डेसिबेल वर, म्हणजे ९९–१०० वर हवेत. मग पुढच्या रांगेतल्यांच्या कानांचे काय व्हावे? शिवाय आवाज फार वाढवला की माइक लाउडस्पीकरचाच आवाज पुन्हा पकडतो आणि शिट्टी सुरू होते. स्नेहसंमेलनात ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे. एका संमेलनात बँड वाजत असताना सूत्रसंचालन करण्याचे काम माझ्याकडे होते. मी आवाज वाढवायला सांगत राहिलो, आणि शेवटी बक्षीस मिळालेली मुलगी आपले नावच न कळल्यामुळे व्यासपीठावर आली नाही. बँडला अर्धा मिनिट थांबायला सांगावे, हे मला तेव्हा सुचले नाही.

उपाय संगीताच्या रचनेतच करावा लागतो. शब्दांच्या वेळी पितळी वाद्ये थांबवावीत, किंवा खाली, हळू, एकाच सुरावर धरावीत. स्नेअर ड्रमला विश्रांती द्यावी. मऊ टिपरीने वाजवलेला व्हायब्राफोन चालतो. त्याच्या सुरात उंच कंपने कमी असतात. आणि एक युक्ती मोठी मजेदार आहे: वादकांनी प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवावे. ३,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ३४६ भागिले ३,०००, म्हणजे सुमारे साडेअकरा सेंटिमीटर. ट्रंपेटच्या तोंडाचा व्यास जवळपास तेवढाच असतो. तरंगलांबी तोंडापेक्षा बरीच मोठी असेल तर ध्वनी सगळीकडे पसरतो. तेवढीच किंवा लहान असेल तर तो विजेरीच्या झोतासारखा समोर जातो. म्हणून वादक पाठमोरा झाला की त्याचे खालचे सूर प्रेक्षकांकडे येतच राहतात, पण झळाळी दुसऱ्या बाजूला निघून जाते. व्यंजनांचे घर तेवढ्यापुरते रिकामे होते आणि तिथे शब्द राहायला येऊ शकतात. संगीत थांबत नाही, आणि वाक्यही समजते.

याची किंमत असते. बारा मिनिटांच्या खेळात एक मिनिट बोलण्यासाठी मोकळे केले तर संगीताचा बारावा भाग गेला, आणि त्या मिनिटात सावकाश बोलून जेमतेम शे-सव्वाशे शब्द बसतात. ‘कॅडेट्स’ या नामांकित पथकाने (ते २०२४ मध्ये बंद पडले) २००६ आणि २००७ च्या आपल्या खेळांत भरपूर निवेदन घातले. २००७ च्या खेळाचे नावच ‘धिस आय बिलीव्ह’, म्हणजे ‘माझी श्रद्धा आहे’, असे होते. त्यावरून प्रेक्षकांत मोठा वाद झाला. गंमत अशी की अनेकांची तक्रार शब्द ऐकू येत नाहीत अशी नव्हतीच. शब्द फार ऐकू येतात, संगीत ऐकू देत नाहीत, अशी होती!

येथे भौतिकीची हद्द संपते आणि मेंदूची सुरू होते. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगवेगळी भाषणे ऐकवली आणि एक मोठ्याने म्हणत जायला सांगितले. दुसऱ्या कानातले बोलणे संपल्यावर त्यांना जवळजवळ काहीच सांगता येईना; पुरुषाच्या जागी बाई बोलू लागली एवढे कळले, शब्द नाहीत. अर्थ असलेला शब्द कानावर पडला की लक्ष त्याच्या मागे धावते, आणि सूर नुसता पार्श्वभूमी होऊन जातो. यंत्राने शब्द जितके स्वच्छ करावेत तितके ते संगीतावर अधिक कुरघोडी करतात. माझे मत विचाराल तर बारा मिनिटांत तीन-चार वाक्ये, तीही वाद्ये पाठमोरी असताना, पुरे. पण मी पडलो भौतिकीचा माणूस; माझ्या पुतण्याला ती निवेदने फार आवडतात.

पुढच्या शनिवारी आम्ही ती चित्रफीत पुन्हा लावली. पुतण्याला विचारले होते. तो एका कोपऱ्यात, एका लाउडस्पीकरच्या समोर बसला होता. मैदानाच्या मध्यावर बसलेल्या त्याच्या मित्राला बोलणे नीट कळले होते. आम्ही संगणकावर खालच्या वारंवारता कमी केल्या, २,००० ते ४,००० हर्ट्झचा भाग उचलला आणि कानाला हेडफोन लावले. आवाज चिरका झाला. एक शब्द सापडला, मग दुसरा. “सर, इथे बघा, ते सगळे वळले,” असे मागच्या बाकावरचा तो मुलगाच म्हणाला. वादकांनी पाठ फिरवली होती त्या चार सेकंदांतले सात शब्द आम्ही फळ्यावर लिहिले. आठव्या शब्दाच्या सुरुवातीलाच स्नेअर ड्रमचा रोल आहे. तो शब्द ‘स’ने सुरू होतो की ‘फ’ने, यावर वर्गात अजून दोन तट आहेत.